हात्सुएचं ऑपरेशन काजिमायानंतर

हात्सुए योनामिने एकाहत्तराव्या वर्षीही सूनच होती. आमच्या ओकिनावात याचं कुणाला नवल वाटत नाही. सासू कामादो शहाण्णव वर्षांची, ठणठणीत. आणि सासू आहे तोवर सुनेला म्हातारं व्हायची मुभा नसते.

माझं घर कुंपणापलीकडे. पहाटे पाचला तिच्या स्वयंपाकघरातून मिसोच्या कढणाचा वास यायचा. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूल झालं नाही, आणि ते सासूने एक दिवसही विसरू दिलं नाही. एकदा वाल सोलताना मी विचारलं, "तुला गं काय हवंय?" तर म्हणाली, "योशी, मला एकदा आठ वाजेपर्यंत झोपायचंय. कुणी हाक न मारता." एवढीच त्या बाईची हौस.

कामादोआजीची पिढी रताळी आणि समुद्राचं शेवाळ खाऊन वाढली, लढाईतूनही वाचली. आम्ही त्यांच्या लेकीसुना अमेरिकन तळावरून आलेल्या डबाबंद मांसावर पोसलो. त्या वर्षी पेपरात आलं, की दीर्घायुष्यात देशात पहिल्या असणाऱ्या आमच्या बायकांचा नंबर घसरला. गावप्रमुख तोकुसेई सुतकी चेहरा करून हिंडत होता. मी म्हटलं, "अरे बाबा, नंबर त्या म्हाताऱ्यांनी आणला होता, घालवला आम्ही. आम्ही सत्तरीतच गळतोय."

ऑगस्टमध्ये हात्सुएला जिना चढवेना. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप आखडलीय, महिन्याच्या आत ऑपरेशन करा. आणि कामादोआजीच्या काजिमायाला पन्नास दिवस उरले होते. आमच्या मोजणीने सत्त्याण्णवावं लागलं की म्हातारं माणूस पुन्हा लहान होतं. त्याच्या हातात भिरभिरं देऊन, उघड्या गाडीत बसवून गावभर मिरवतात. आयुष्यात एकदाच. त्या वर्षी घरात मृत्यू झाला तर काजिमाया गेला तो गेलाच, अठ्ठ्याण्णवाव्याला कुणी विचारत नाही.

नणंद मासाको नाहाहून धावत आली. माझ्यासमोरच बोलणं झालं.

"वहिनी, मी वाईट बोलत नाही. पण टेबलावर काही बरंवाईट झालं तर घरात सुतक. आईचा काजिमाया बुडेल."

"आणि वन्सं, टेबलावर न जाता घरीच मेले, तर?"

"शुभ बोल गं! सत्तेचाळीस वर्षं केलंस ना? मग पन्नास दिवसांनी काय होतंय?"

कोपऱ्यातून आजी म्हणाली, "मी जन्मात सुई टोचून घेतली नाही. आजकालच्या सुना मेल्या नाजूक." आजकालची सून एकाहत्तरची!

मासाको गेल्यावर मी हात्सुएचा दंड धरला. "ऊठ, दवाखान्यात फोन कर. मी येते सोबत."

"योशी, मी मेले तर मेले गं. पण माझ्यापायी त्यांचा काजिमाया बुडाला, तर वर जाऊन ह्यांना काय सांगू?"

"त्याला कसलं सांगायचंय? तो सुटला की!" मी चिडून घरी आले. फोन मीही करू शकत होते. केला नाही. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा, असं मनाला सांगितलं, आणि झोपही लागली मला.

ऑपरेशन काजिमायाच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. मग ती लागली कामाला. भिंती पुसल्या, सासूचे लाल कपडे शिवले, शंभर पाहुण्यांच्या पंगतीची तयारी केली. दहा पावलं टाकून खाली बसायची, ओठ निळे पडायचे. "हळूहळू करते की," म्हणायची. आजी माजघरातून ओरडायची, "बसलीस का पुन्हा?"

काजिमायाच्या सकाळी मी मदतीला गेले, तर हात्सुए शेगडीपाशी आडवी. कढईत तेल तापलेलं, गोड वडे करपत होते. नाकाशी हात धरला, तर श्वास नाही. मी किंचाळणार तेवढ्यात मागून आलेल्या मासाकोने माझ्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाताने तिने गॅस बंद केला.

तोकुसेई दारात येऊन थबकला. बाहेर गाडी सजली होती, शाळेची पोरं झेंड्या घेऊन उभी होती. त्याने मान खाजवली. "टीव्हीवाले आलेत. दुपारनंतर गेली, असं धरू या का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात्सुएचे पाय सरळ केले, अंगावर चादर घातली आणि दार सरकवून बंद केलं. ते मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

आजी गाडीत चढताना कुरकुरली, "हात्सुए कुठाय? माझा अंबाडा सैल झालाय."

"झोपलीय, आई. दमली."

"आजच्या दिवशी झोपली? धन्य आहे बाई!"

मिरवणूक साती चौकांतून आणि साती पुलांवरून गेली. लोक नाचले, आजी हसली, टीव्हीवर ते हसू छान दिसलं म्हणतात. शेवटी देवळापुढे रांग लागली. काजिमायाच्या माणसाचा हात हातात धरला की त्याचं थोडं आयुष्य आपल्याला मिळतं, अशी समजूत. बायका लेकरांना पुढे ढकलत होत्या. माझ्या वयाच्या, गोळ्यांवर जगणाऱ्या बायका धक्काबुक्की करत होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ तो हात धुऊन पुसणारी तिकडे स्वयंपाकघरात लाकडासारखी पडली होती.

मी निघून जाऊ शकत होते. त्या थेरडीच्या तोंडावर सगळं सांगू शकत होते. पण मला सत्तरावं चालू होतं, आणि माझा रक्तदाब तेव्हा एकशेऐंशीच्या खाली येत नव्हता. मी रांगेत उभी राहिले. पाऊण तास. पाळी आली तेव्हा तो हात मी दोन्ही हातांनी धरला, आणि मागची बाई ढकलायला लागेपर्यंत सोडला नाही.