बायकोच्या बंदुकीची तपासणी

रिटायर झाल्यानंतर चौथ्या महिन्यात मला कळलं, की माझी बायको रोज संध्याकाळी तासभर माणसं मारते.

मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. आतून तिचा आवाज आला, "पीछे से आ रहा है, मैं देखती हूँ, तू छत पर जा." घरात चोर शिरला असं वाटून मी धावलो आणि दारातच थिजलो. बाईसाहेब पलंगावर मांडी घालून बसलेल्या, कानात इयरफोन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मोबाइलवर धडाधड गोळीबार चाललेला. पुण्यात नोकरी करणारी आमची मुलगी तिकडून खेळत होती. तिच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आणि चौथी ही, अशी चौघींची टोळी होती. वर्षभर हे चाललं होतं. मी ओव्हरटाइम करून साडेसातला मदन महल भागातल्या घरी पोचायचो, तोवर हिची लढाई आटोपून कणीक मळून झालेली असायची. रिटायर झाल्यावरही संध्याकाळी मी फिरायला जायचो, त्या दिवशी नेमका घरी होतो.

मला धक्का बसला तो उगाच नाही. चौतीस वर्षं मी इथल्या बंदुकांच्या कारखान्यात काढली, त्यातली शेवटची वीस एक्झामिनर म्हणून. म्हणजे बनवणारे वेगळे, मी तपासणारा. आणि हिने दिवाळीत मुलीला टिकल्यांची बंदूकसुद्धा कधी घेऊ दिली नव्हती. लग्नाला तीस वर्षं झालेली बाई अशी निघाली म्हटल्यावर मी त्या रात्री दोन पोळ्या कमीच खाल्ल्या.

विचारलं तर म्हणाली, पोरगी फोनवर दोन मिनिटं बोलते. जेवली का, हो. तब्येत बरी का, हो. ठेवू का, हो. खेळात मात्र तासभर बोलते, गोळ्या चुकवता चुकवता ऑफिसातली भांडणं सांगते, घरमालकिणीच्या तक्रारी सांगते. मला तर तेवढी दोन मिनिटंही मिळत नव्हती.

मग मी रोज तिच्या शेजारी बसायला लागलो. तिचं खरं लक्ष लढाईत नव्हतंच. ती एक रायफल बनवत होती. त्या खेळात चांगली बंदूक आयती मिळत नाही. आधी तिचा आराखडा शोधायचा, मग एकेक भाग. नळी एका ओसाड शाळेच्या कपाटात सापडली, दस्ता नदीकाठच्या गोदामात, आणि दुर्बीण मिळवायला दुसऱ्या टोळीतल्या कुणालातरी गाठून त्याच्याकडून हिसकावून घ्यावी लागली. सगळं जमलं की वर्कबेंचवर ठेवून जोडायचं. पुढे एकेक लेवल चढवायची, आणि प्रत्येक लेवलला नवे पुर्जे. शेवटच्या लेवलला काळं पोलाद नावाचा तुकडा लागतो. तो अख्ख्या सीझनमध्ये एकदाच मिळतो. तो तिला चार महिन्यांच्या खटपटीनंतर मिळाला होता. शाळेच्या कपाटात रायफलची नळी म्हटल्यावर मला हसू यायचं, पण ती इतकी मन लावून बसायची की हसणं मी मिशीतच ठेवायचो.

रविवारी त्यांच्या टोळीची मोठी मॅच होती. जिंकली तर वरच्या गटात जाणार होत्या. तिघी पोरी आईच्या रायफलच्या भरवशावर होत्या. मुलीने दोनदा फोन करून विचारलं होतं, बंदूक झाली का. आमच्या मुलीने दोनदा फोन करावा, ही गोष्ट घरात सणासारखी होती.

शुक्रवारी संध्याकाळी हिने शेवटची लेवल चढवायला टाकली. वीस मिनिटं लागणार होती. दही संपलं होतं म्हणून ती जवळच्या गोरखपूर बाजारात निघाली आणि मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, "फक्त स्क्रीन बंद होऊ देऊ नका. बाकी काही करू नका."

मी काही करणार नव्हतोच. पण वीस मिनिटांनी बंदूक तयार झाली आणि पडद्यावर हळूहळू फिरू लागली. काळीभोर, देखणी. खेळातली असली तरी बंदूकच ती, म्हणून मी चष्मा पुसून नीट पाहिली. आणि नळीच्या खाली मला लाल पट्टी दिसली.

आता आमच्या कारखान्यात लाल पट्टा म्हणजे काय, ते सांगतो. गेज लावला, माप चुकलं, की एक्झामिनर त्या मालावर लाल रंगाचा पट्टा ओढतो. लाल पट्ट्याचा माल चांगल्या मालाजवळ ठेवायचा नाही, त्याच दिवशी कापून टाकायचा. चुकून तो पुढे गेला आणि सीमेवर कुणाच्या हातात फुटला तर त्याचं पाप एक्झामिनरच्या माथी. वीस वर्षं मी लाल रंग पाहिला की विचार केला नाही, हात चालवला. इथेही कोपऱ्यात बटण होतं, 'तोड़ें'. दाबलं. खेळाने विचारलं, 'क्या आप निश्चित हैं?' मला हे आयुष्यभर फोरमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारलं आहे आणि मी कधी डगमगलो नाही. तेव्हाही डगमगलो नाही. बंदुकीचे तुकडे झाले आणि पडदा रिकामा झाला.

ती दह्याचा डबा घेऊन आली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की तुझी बंदूक मी नापास केली, उद्या ऐन वेळी फुटली असती तर काय केलं असतंस?

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती डबा हातात धरूनच खुर्चीवर बसली. मग अगदी हळू आवाजात तिने सांगितलं, की लाल पट्टी म्हणजे नुसती झीज. नवा पुर्जा बसवताना जुने भाग घासतात म्हणून ती येते, शेजारचं बटण दाबलं की जाते. आणि काळं पोलाद आता या सीझनला मिळणार नाही.

कारखान्यात माझी एकही तपासणी उलटली नव्हती, याचा मला केवढा ताठा होता! आणि इथे मी चांगला माल कापून बसलो होतो, तोही बायकोचा. मुलीला तिने माझ्यासमोरच, खेळात स्पीकर लावून सांगितलं. पलीकडून मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा ने?" आणि खेळातून निघून गेली.

रविवारी ही साधी रायफल घेऊन उतरली आणि पहिल्या काही मिनिटांतच गारद झाली. टोळी हरली. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. मला खोलीत जायची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी मी चहा केला, तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, चुकलं माझं. पुढच्या सीझनला मी पुर्जे शोधून देतो, शिकव मला. पोरीचीही माफी मागतो, तुमची मॅच माझ्यामुळे गेली.

"मॅचचं काय घेऊन बसले," ती म्हणाली. "पोरीशी बोलायला साधी बंदूकही चालते. ती मोठी मी काहून बनवून राहिली होती, तुम्हाला माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तुम्ही इतकी वर्षं दिवसभर काय करून यायचे, ते मला एकदा पाहायचं होतं."

बंदूक तुटली तेव्हा बसला नव्हता इतका धक्का मला तेव्हा बसला. या बाईने इतकी वर्षं माझे तेलकट कपडे धुतले, मी कधी गप्प गप्प घरी आलो तर वाढून ठेवून बाजूला झाली, आणि माझं काम शोधायला ती कुठल्या ओसाड शाळेच्या कपाटात हिंडत होती.

मग मी बोलायला लागलो. नळी उजेडाकडे धरून आत कसं पाहायचं ते सांगितलं. गेज आत गेला तर काय आणि अडला तर काय, ते सांगितलं. एका जुन्या दोस्ताचा अख्खा लॉट मी लाल केला आणि तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही, तेही सांगितलं. चहा निवून गेला.

"इतकंच होतं?" तिने शेवटी विचारलं.

"इतकंच."

"मग सांगितलं काहून नाही?"

मी सवयीने म्हणालो, आम्हाला बाहेर बोलायची मनाई होती. तिने गार झालेला कप उचलला, आणि मी काय बोललो ते मला तेव्हा ऐकू आलं. मनाई बाहेर बोलायची होती. घरालाही मी 'बाहेर' धरलं होतं.