रोवणीतली पालकसभा

नवेगाव बांधजवळच्या मिडल स्कूलमध्ये मी नवीन शिक्षिका होते. गावात खोली भाड्याने घेऊन एकटीच राहत होते. पहिल्या पालकसभेला मी सतरंज्या अंथरून बसले, पण शाळा सुटेपर्यंत कोणीच आलं नाही. सगळं गाव धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच शेतांकडे निघाले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून, चिखलात वाकलेल्या बायांना त्यांच्या लेकरांबद्दल सांगू लागले. सातवीतल्या एका मुलीच्या आईला म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण वर्गात कोणाशी बोलतच नाही."

ती कंबर सरळ करत म्हणाली, "घरी तं लय बोलते, बाई. तुमचंच सांगते. बाई रोज एकट्याच जेवून राहिल्या म्हणते. काऊन जी, एकट्या काऊन जेवता?"

 "सवय आहे," एवढंच पुटपुटून मी पुढच्या बांधीकडे, शेजारच्या खाचराकडे वळले. डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी खिचडीची थाळी घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि समोर बसली. मी माझा डबा उघडला. दोघींनी सावकाश जेवण केलं.