किल्ली मुंबईला आहे

विमलाताई गमऱ्यांना वाडीत कोणी "कामाचं कुठवर आलं?" विचारलं की गेलं वर्षभर त्या एकच उत्तर देत, "किल्ली मुंबईला आहे."

खेडपासून एसटीने पाऊण तासावरची त्यांची बौद्धवाडी. तरणे पुरुष मुंबईला, वाडीत बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. मधोमध या मुंबईकरांच्या मंडळाने बांधलेलं समाजमंदिर, चांगलं फरशी-पंख्यांचं. ते उघडायचं जयंतीला, बुद्धपौर्णिमेला आणि एखाद्या लग्नाला. एरवी आत पाली, बाहेर कुलूप.

विमलाताई एका संस्थेचं काम बघत. दर गुरुवारी नर्स येऊन बायकांचं बीपी, साखर तपासणार आणि रोज संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग. संस्थेची अट एवढीच, की कार्यक्रम गावाचा तर जागाही गावाचीच हवी. तोवर सगळं विमलाताईंच्या पडवीत चाले. नर्सने एकीची साखर सांगितली की नऊजणींना कळे, आणि मुलं कविता म्हणायला लागली की शेजारची शेळी त्यांच्यावर आवाज चढवी. संस्थेच्या रत्नागिरी ऑफिसातल्या तेजल मॅडमनी शेवटी सांगून टाकलं, "ताई, महिनाअखेर जागा मिळाली नाही तर कार्यक्रम दुसऱ्या गावाला जाईल. माझा इलाज नाही."

मग समाजमंदिर कार्यक्रमासाठी उघडावं, असा बायकांनी ठराव केला. पहिला अंगठा ऐंशीच्या येसूबाईंचा. विमलाताईंनी मुंबईला फोन लावला. मंडळाचा चिटणीस संदेश, म्हणजे त्यांचा सख्खा दीर.

"वैनी, बायकांचा ठराव चालत नाही. मंडळासमोर यायला हवा."

"मग आणा."

"या रविवारी सभा नाही. विरारला वाडीच्या टीमची मॅच आहे."

"पुढच्या रविवारी?"

"सेमीफायनलला गेलो तर नाही जमणार."

"मग हरा की, भाऊजी!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते हरले नाहीत. पुढच्या रविवारी थेट फायनलही खेळले. तिसऱ्या रविवारी सभा भरली, त्यात आधी टीमच्या जर्सीचा रंग ठरला आणि उठता उठता समाजमंदिराचा विषय निघाला. निर्णय असा, की किल्ली फक्त पाहणीपुरती द्यावी, पाहणी होताच परत मागवावी. गावाकडे येणाऱ्या भिकूदादांच्या खिशातून ती आली. विमलाताईंना ती बाहेर फेकून द्यावीशी वाटली. पण पाहणी दोन दिवसांवर होती.

त्या दिवशी बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून पायऱ्यांवर जमल्या. तेजल मॅडम आल्या. विमलाताईंनी किल्ली घातली. फिरेना. खोबरेल घातलं, तरी फिरेना. भिकूदादांनी डावीकडून, उजवीकडून, शेवटी दोन शिव्या घालूनही पाहिलं. तेव्हा कुठे विमलाताईंच्या ध्यानात आलं, की किल्ली गंजलेली आहे आणि कुलूप तर चकचकीत.

पुन्हा फोन. "अरेच्चा," संदेश म्हणाला, "जयंतीला कुलूप बदललं ना! नवी किल्ली केरूकडे असेल."

केरू म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, येसूबाईंचा मुलगा. तो ड्युटीवर, फोन बंद. तेजल मॅडमनी घड्याळ पाहिलं. "ताई, मला साडेबाराची गाडी आहे."

विमलाताई पायरीवर मटकन बसल्या. शेजारी येसूबाई मिश्री लावत होत्या. त्यांनी सावकाश चूळ भरली, कमरेची चंची सोडली आणि सुपारीतून किल्ली काढली.

"केरूची किल्ली ना? ही घे."

"येसूबाई! ही तुमच्याकडे होती?"

"जयंतीपासून."

"अहो, मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तूच सांगायचीस, किल्ली मुंबईला हाय. मला वाटला, ती येगली किल्ली आसंल. नि केरूनं बजावलान, मंडळानं सांगितल्याबिगर कोणाला दावायची नाय. आज मंडळानं होय म्हटलान, म्हणून काढली. माझा काय चुकला गो?"

दर गुरुवारी या बाईला विमलाताई स्वतः दंड धरून बीपी तपासायला बसवत होत्या. ही किल्ली तेव्हाही हातभर अंतरावर होती.

दार उघडलं. पाली पळाल्या. तेजल मॅडमनी खोली पाहिली, नळ सोडून पाहिला. "जागा छान आहे. पण रोज उघडेल का?"

"रोज नाय," येसूबाई ठामपणे म्हणाल्या. "केरूला इचारावा लागंल."

मॅडमचा पेन फॉर्मवरच्या 'हो' आणि 'नाही' यांच्या मधोमध थांबला.

विमलाताई उठल्या. कोयंड्यातलं कुलूप त्यांनी काढलं, खटकन दाबून मिटलं आणि आपल्या पिशवीत टाकलं.

"किल्ली तुमच्याकडेच ठेवा, येसूबाई. कोणाला दाखवू नका. कुलूप माझ्याकडे राहील. दाराला कडी पुरे."

येसूबाईंनी क्षणभर विचार केला. केरूचा शब्द मोडत नव्हता. त्यांनी किल्ली पुन्हा सुपारीत ठेवली. "हां. मग चालंल."

बायका फिदीफिदी हसल्या. मॅडमनी 'हो'वर खूण केली. विमलाताईंना मात्र हसू आलं नाही. एवढ्याशा गोष्टीला वर्ष गेलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. संदेश. "वैनी, झाली ना पाहणी? किल्ली परत पाठवा हां, आठवणीने."

"पाठवते की, भाऊजी," विमलाताई म्हणाल्या, आणि ती गंजलेली किल्ली त्यांनी भिकूदादांच्या हातावर ठेवली.