आज पाणी ताक आहे

देवघरातल्या अक्षता कितीही झाडा, दोन-चार पुन्हा पायाखाली येतातच. आमच्या खदानीवरच्या गोष्टींचंही तसंच आहे. आमच्या गावापासून समुद्र लई लांब. पण शेंद्र्याच्या अलीकडं, आमच्या घराजवळ, दगडाची जुनी खदान पाण्यानं भरलेली आहे. सिल्लोडचे सलीमभाई दर रविवारी तिथं स्कुबा डायव्हिंग शिकवतात. काठावरून चालत पाण्यात उतरायचं. शिकणाऱ्यांत माझी मुक्ता. काठावर देवीचं ठाणं आहे, मी रोज दिवा लावायला जातेच. म्हणून सलीमभाईंनी मला काम दिलं: पाणी किती नितळ आहे ते सकाळी फोनवर सांगायचं.

माझ्या पोरीला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं त्यांनी. त्यांच्या नावानं मी रोज एक वात जास्त लावते.

*

मापायला मी स्टीलचं ताट नेलं. लग्नात आईनं दिलेलं, कडेला मशीननं माझं नाव कोरलेलं. त्याला दोरी बांधायची, हाता-हातावर गाठी मारायच्या, ताट दिसेनासं होईपर्यंत पाण्यात सोडायचं.

"कितने मीटर, ताई?"

मीटर मला जमेना. म्हटलं, "भाई, आज पाणी ताक आहे."

"घट्ट की पातळ?"

तेव्हापासून तेच माप झालं. गढूळ असलं की वरण, थोडं बरं असलं की ताक, नितळ असलं की नारळपाणी. सलीमभाई तेच ग्रुपवर टाकायचे. एकदा त्यांनी लिहिलं, "आज नारळपाणी आहे, सगळ्यांनी या." नवीन आलेले एक बँकेतले साहेब पाण्याची बाटली न घेताच आले. तासाभरानं हळूच विचारतात, "नारळपाणी कधी देणार?"

सलीमभाईंनी खदानीकडं बोट दाखवलं.

*

घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. पण पाण्यात उतरताना मुक्ताच्या तोंडात नळी. बोलणार कशी? मग तिनं युक्ती काढली. डायव्हिंगच्या खुणांत अंगठा वर केला की अर्थ होतो, 'मी वर येते.' बुडी मारायच्या आधी तिनं माझ्याकडं बघून अंगठा वर केला.

सलीमभाईंनी घाबरून तिला दंडाला धरून काठावर आणलं. "क्या हुआ?"

"काही नाही. आईला 'येते' म्हटलं."

"अगं, तू अजून गेलीच कुठं!"

मी म्हटलं, "भाई, म्हणूनच."

*

एके दिवशी गाठ सुटली आणि ताट तळाला गेलं. आईची आठवण, दोन दिवस घास उतरला नाही. पण काम थांबवून कसं चालेल? मी स्वयंपाकघरातला तवा बांधला. सलग दोन रविवार कळवलं, "वरण."

तिसऱ्या रविवारी सलीमभाई स्वतः लवकर आले. "पाऊस नाय, पाणी नाय, गाळ आला कुठून?" मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं.

"ताई, काळा तवा तर आमच्या घरी चुलीवर बी दिसत नाय."

सगळे हसले. मुक्ता हसली नाही. त्या दोन्ही रविवारी तिची शेवटची परीक्षा ठरली होती, माझ्या 'वरणा'मुळं दोन्हीदा पुढं ढकलली. पास झाली असती तर मालवणला डायव्हिंगची नोकरी होती.

"आई, मुद्दाम केलंस?"

देवीची शपथ, नव्हतं केलं.

*

सलीमभाई म्हणाले, "आज परीक्षेचं सामान आणलं नाही. पुढचा रविवार शेवटचा. त्यानंतर मालवणवाले थांबणार नाहीत."

त्या रविवारी पहाटे बादलीचं पांढरं झाकण पाण्यात सोडलं. सात गाठी गेल्या, आठ गेल्या. नऊ गाठी गेल्या तरी झाकण लख्ख दिसत होतं. फोन हातात होता आणि 'ताक' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. एक शब्द, आणि पोरगी घरात राहिली असती.

पण माझा उपास होता. आणि पाठीमागं देवी.

"भाई," मी म्हटलं, "नारळपाणी. बिनमलईचं."

मुक्तानं अंगठा वर केला आणि सलीमभाईंसोबत आत गेली. मी जप सुरू केला. बुडबुडे दिसत होते तोवर मोजले, मग डोळे मिटले.

दोघं वर आले. सलीमभाईंनी तोंडातली नळी काढली आणि परीक्षेतला शेवटचा प्रश्न विचारला, "बोल, तळाला कितपत दिसत होतं?"

मुक्तानं काखेतून शेवाळलेलं ताट काढलं.

"आईचं नाव वाचता आलं."