पहिल्यापासून म्हणा

लग्नानंतर शाळेतली नोकरी सुटली, त्याला वीस वर्षं झाली, पण माझ्यातली शिकवणारी बाई काही सुटत नाही. त्याची शिक्षा नवऱ्याला झाली.

गंगाखेडच्या रस्त्यावर त्यांची मोटारसायकल घसरली आणि डोक्याला मार लागला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा चालत होते, जेवत होते, टाके भरून आले होते. आमच्या बुद्धविहारात पौर्णिमेची वंदना तेच घ्यायचे. ते पुढं म्हणत आणि मागून सगळी वस्ती. म्हणून मी रोज सकाळी त्यांच्याकडून पंचशील म्हणवून घेऊ लागले. ते जमलं की माझा माणूस मला परत मिळाला, असं मी धरून चालले होते.

कधी दुसऱ्या, कधी चौथ्या शीलापाशी गाडी अडायची. नजर भिंतीवर, उजव्या हाताची बोटं शर्टाच्या गुंडीशी चाळा करत. थोड्या वेळानं विचारायचे, कुठवर आलो होतो? मी म्हणायचे, "लक्ष कुठं हाय तुमचं? पहिल्यापासून म्हणा." सोमवारी जमलेलं बुधवारी जायचं. मला तो आळस वाटायचा. एकदा तर नाटक करता का, असंही बोलून गेले. त्याची मला आजही लाज वाटते.

गुंडीचं मी डॉक्टरांना तक्रार म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच ईईजी काढायला लावला, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख. पहिल्या खेपेला तारा चिकटेचनात. जखमी डोक्याला थंडावा म्हणून सासूबाई रोज टाळूवर तेल जिरवत होत्या. डोकं स्वच्छ धुऊन, तेल न लावता या, म्हणून आम्हाला परत पाठवलं. परभणीहून पाथरीला घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात सासूबाईंच्या नावानं बोटं मोडली. माझी चूक अजून उघडी पडायची होती.

दुसऱ्या खेपेला आलेख निघाला. मार लागलेल्या जागी मध्येच विजेचे झटके उसळत होते. मिरगी म्हणजे माणूस पडतो, तोंडाला फेस येतो, लोक कांदा हुंगवतात, एवढंच आम्हाला ठाऊक. ही मिरगी पाडत नव्हती, गुपचूप माणसाला घेऊन जात होती. डॉक्टर म्हणाले, तेवढा वेळ मेंदूत काही शिरत नाही, आणि झटके चालू राहिले तर परत शिकलेलंही टिकत नाही, सुधारणा मागं पडते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात रडत बसले. हे आत आले. म्हणाले, "रडू नको. तू वरडायचीस तवा मी नव्हतोच तिथं. मला त्यातलं कायबी आठवत न्हाई."

त्यांनी दिलासा दिला होता. मला तो फार लागला.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळची शाळा मी बंद केली. काही महिन्यांनी एका पौर्णिमेला ते आपण होऊन विहारात पुढं जाऊन बसले आणि वंदना सुरू केली. चौथ्या शीलापाशी थांबले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. मी ह्यांची बोटं पाहिली. जोडलेले हात हलत नव्हते. ते मान वळवून बायकांत मला शोधत होते, आणि मी दिसताच ओशाळं हसले.

विसरले होते. तुम्ही-आम्ही विसरतो तसे, नुसते विसरले होते. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मी बसल्या जागेवरून पुढचा एक शब्द सांगितला, आणि ते तिथूनच पुढं म्हणू लागले.