शंभरात एक

फरीदाबादच्या एका कोचिंग क्लासमध्ये साधनाताई कित्येक वर्षं बायोलॉजी शिकवतात, आणि पॉप्युलेशन जेनेटिक्स हा त्यांचा हुकमी धडा. एरवी पेंगणारी पोरं थॅलेसेमियाचं गणित निघालं की जागी होतात. "समझो, ढाई हज़ार में एक बच्चा बीमार है," ताई विचारतात, "तो जीन छुपाकर घूमने वाले कितने?" पोरं म्हणतात, असतील दोन-चार. मग ताई फळ्यावर मांडून दाखवतात. आजाराला सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं; पन्नास गुणिले पन्नास अडीच हजार, म्हणजे ते जनुक पन्नासांत एक. आणि आई किंवा बाप, एकाकडूनच ते मिळालेले, ठणठणीत हिंडणारे लोक जवळजवळ पंचविसांत एक. वर्गाचे डोळे पांढरे होतात.

गेला आठवडाभर ताईंचेच डोळे पांढरे झाले होते. त्यांच्या लेकीला, रसिकाला, तिसरा महिना होता. दिल्लीत सरोजिनी नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरजवळ दोघा नवराबायकोंनी रक्त तपासायला दिलं, आणि जावई इंद्रजितच्या रक्तात तेच लपलेलं जनुक निघालं. रसिकाचा रिपोर्ट यायचा होता.

"अगं, आपल्या लोकांत कुठे असतं ते?" पद्माकरराव चहा ढवळत बायकोला म्हणाले. जावयाकडचे पंजाबी, आपण मराठी, संपला विषय. ताईंना हे पटत नव्हतं, पण त्यांनी आपलं गणित केलंच: रसिकात असण्याची शक्यता पंचविसांत एक, असलंच तर बाळ आजारी निघण्याची चारांत एक, म्हणजे सगळं मिळून शंभरात एक. तेवढ्या आधारावर त्या दिवस ढकलत होत्या.

जीव खात होती ती निराळीच गोष्ट. लग्न ठरताना त्यांनी व्याह्यांना ऐटीत सांगितलं होतं, आम्ही पत्रिका-बित्रिका बघत नाही. त्यावर जावयाच्या रक्ताचा रिपोर्ट कोणत्या तोंडाने मागणार? मागच्या दाराने पत्रिकाच मागितल्यासारखं दिसलं असतं. म्हणून सगळं ठाऊक असलेली बाई तेव्हा मूग गिळून बसली, आणि आता स्वतःवरच चरफडत होती.

आज तास चालू असतानाच फोन वाजला. ताई बाहेर आल्या.

"आई, माझ्यातही निघालं," रसिका म्हणाली. "आता डॉक्टर बाळाचीच टेस्ट करू म्हणतायत. तू शिकवतेस ना हे? बिल्कुल खरं सांग, चान्स किती?"

ताई म्हणाल्या, "चारांत एक."

"म्हणजे कमीच ना?"

ताईंनी वर्गाचं दार ओढून घेतलं. "हजार बाळांचं विचार, सांगते," त्या म्हणाल्या. "तुझ्या एकाचं मला काही कळत नाही गं."

आईला कळत नाही असं काही असतं, हे रसिकाने जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि ती हमसून रडायला लागली.