जरा सरका

मोझेसकाका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ना नमस्कार म्हणाले, ना हॅलो. ते म्हणाले, "जरा सरका."

२००३ सालचा नोव्हेंबर होता. मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, सकाळी गाड्यांच्या कंपनीत जायचा तो अंधार पडल्यावर परत यायचा. मी एच-फोर व्हिसावर. म्हणजे नोकरी करायची नाही, गाडी चालवता येत नाही आणि बोलायला माणूस नाही. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर कपडे धुण्याची सामाईक खोली होती. मी गरज नसतानाही तिथे कपडे घेऊन जायची, कारण तिथे निदान मशीनचा आवाज असायचा. त्या दिवशी बाकावर बसून मी साताऱ्याला आईशी बोलत होते. इथे सगळं छान आहे, असं तिला रडत रडत सांगत होते. फोन बंद केला तर समोर एक म्हातारे गृहस्थ उभे. हातात टॉवेलांची टोपली, डोक्यावर लोकरीची टोपी. बाक चांगला चार माणसांचा होता आणि त्यावर मी एकटीच होते. तरी ते म्हणाले, "जरा सरका."

मी इतकी दचकले की खरंच सरकले. मग म्हटलं, "पण जागा तर आहे की."

"जागा असतेच हो," ते टेकत म्हणाले. "पण सरका म्हटलं की समोरचा माणूस आपल्याकडे बघतो तरी."

मोझेस कुर्डूसकर. गाव अलिबागकडचं, नोकरी आयुष्यभर मोटारींचे सुटे भाग तपासायची, आता रिटायर. मी "म्हणजे ख्रिश्चन का?" असं विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "ज्यू. बेने इस्राएल. आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, तिथेच ते राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आता विचारा, ज्यू असून मराठी कसे?"

मला नेमकं तेच विचारायचं होतं.

"सिनेगॉगमधले विचारतात, इंडियन असून ज्यू कसे? तुमच्या मंडळाच्या गणपतीत गेलो तर तिथे हे. तीस वर्षं झाली इथे येऊन. दोन्हीकडे मी अजून कालच आलोय." हे ते हसत सांगत होते. पण टॉवेलांच्या घड्या घालताना एक घडी त्यांनी तीनदा मोडली, हे मी पाहिलं.

काकांची बायको रिबका आदल्या हिवाळ्यात गेली होती. मुलगा एली सिअ‍ॅटलला. त्याला मराठी समजायचं ते जेवणापुरतं. दोन खोल्यांच्या घरात काका एकटे राहत आणि सोफ्यावर नेहमी एका कडेला बसत. पलीकडची जागा मोकळी असायची. मी एकदा न कळून तिथे बसले. ते चहा होईपर्यंत उभेच राहिले. पुढच्या वेळेपासून मी खुर्ची ओढून घ्यायला लागले.

आणखी एक सवय म्हणजे ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मी त्यांच्या मुलापेक्षाही लहान, तरी मला "वैशालीबाई". मिलिंदला "साहेब". खालच्या मजल्यावरचं एक केसाळ कुत्रं जिन्यात आडवं पडलेलं असायचं, त्यालाही ते "सरका हो जरा" असंच म्हणायचे, आणि ते इंग्रजी कुत्रं सरकायचंसुद्धा. "अरे-तुरे करायला हक्क लागतो," ते म्हणत. "तो मी फारसा कुठे कमावला नाही."

त्या दिवसांत इथल्या नट्या मनगटाला लाल दोरा बांधून फिरत होत्या. किराणा दुकानाच्या काउंटरवरच्या मासिकांत त्यांचे फोटो असायचे आणि खाली लिहिलेलं असायचं, कब्बाला. मी काकांना विचारलं, तुमच्यातलं हे गूढ प्रकरण आहे तरी काय? त्यांनी कपाळाला हात लावला. "दोऱ्याचं मला नाही माहीत. आणि कोकणात आम्हाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकच देव, शनिवारची सुट्टी, एलियाहू नबीच्या नावाने पोह्यांचा मलिदा, झाला धर्म. हे मी इथे शिकलो. एक म्हातारे रब्बाय, म्हणजे आमचे धर्मगुरू, रविवारी दुपारी वर्ग घ्यायचे. पण इंग्रजीत ऐकलेलं मला मराठीत केल्याशिवाय पचत नाही. म्हणून घरी येऊन रिबकाला सांगायचो. तिला पटलं तरच मला कळायचं."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. पुढे ती मी इतक्या वेळा ऐकली की आता त्यांच्याच आवाजात आठवते.

"मी तिला म्हटलं, रिबका, आरंभी सगळीकडे तोच होता. एन सोफ, म्हणजे ज्याला अंत नाही असा. मुंगी शिरायला जागा नाही. मग जग करायचं कुठे? तर त्याने स्वतःचं आकुंचन केलं. त्याला त्झिमत्सुम म्हणतात. ती लसूण सोलत होती. म्हणाली, आकुंचन कसलं डोंबलाचं, देव जरा सरकून बसला असं सांगा की. रब्बायचं इंग्रजी वर्षभर ऐकून जे कळलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. तो सरकला, त्या जागेत आपण."

मी सातारची, कीर्तनं ऐकून वाढलेली. "म्हणजे आमचं ते अनंत ब्रह्म," असं म्हणायला मी गेले की ते हात वर करायचे. "एवढ्यात एक करू नका, वैशालीबाई. शेजारी शेजारी राहू द्या." मला त्याचा थोडा रागही यायचा. आपण मोठ्या मनाने जवळ घ्यायला जावं आणि समोरच्याने नम्रपणे नको म्हणावं, तसं वाटायचं. दोन्हीकडे परका राहिलेला माणूस आपलं थोडंसं वेगळेपण असं जपून का ठेवतो, हे कळायला मला स्वतःला परकं व्हावं लागलं.

गोष्टीचा पुढचा भाग असा की मोकळ्या जागेत देवाने आपला प्रकाश भांड्यांत ओतला. भांड्यांना तो पेलला नाही, ती फुटली. प्रकाशाच्या ठिणग्या जगभर उडाल्या आणि जिथे पडल्या तिथे अडकून बसल्या. भाकरीत, दगडात, माणसात. त्या एकेक करून सोडवायच्या आणि फुटलेलं जोडत आणायचं, हे माणसाचं काम. काका आमच्याकडे जेवायला बसले की आधी डोळे मिटून हिब्रूत पुटपुटायचे, घासातली ठिणगी मोकळी करायला. माझ्या पहिल्या पुरणपोळीचं चामडं झालं होतं. मिलिंदने सरळ भात मागितला. काकांनी बराच वेळ चावलं आणि म्हणाले, "ठिणगी आहे ह्यात. जरा खोल गेलीय."

एकदा मी व्हिसावरून फारच वैतागले होते. एम.कॉम. झालेली बाई दिवसभर खिडकीतून पार्किंग बघत बसते, ह्याला काय अर्थ आहे, म्हणाले. ते म्हणाले, "आमच्यात देवाची एक जवळ राहणारी बाजू सांगतात, शेखिना. बाईच ती. आमचे लोक देशोधडीला लागले तेव्हा ती वर थांबली नाही, त्यांच्याबरोबर निघाली. कुठेच तिचं घर नाही, कामधंदा नाही, नुसती बरोबर. म्हणजे डिपेंडंट व्हिसाच की तो." मी हसले. पण रात्री भांडी घासताना ते आठवलं आणि बरं वाटलं. त्या हिवाळ्यात मला तेवढंच कुणीतरी बरोबरीचं भेटलं होतं.

काका रोज संध्याकाळी सिनेगॉगला जात. तिथे सामुदायिक प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. ते छोटं सिनेगॉग म्हाताऱ्यांचं होतं आणि दहावा बहुतेक वेळा काकाच असायचे. कुणाचा बाप, कुणाची बहीण, त्यांच्यासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायचं तर दहा हवेत. ज्यांनी त्यांना इंडियन असून ज्यू कसे म्हणून विचारलं होतं, त्यांच्या मेलेल्यांसाठी काका बर्फातून गाडी हाकत जायचे. डोळ्यात मोतीबिंदू वाढला तसं डॉक्टरांनी गाडी बंद केली. तोवर मला लायसन्स मिळालं होतं. मग त्यांना मी नेऊ लागले. मी मागे बायकांच्या जागेत बसायची, कोट न काढता.

फेब्रुवारीत रिबकाचं वर्ष आलं. त्यांच्यात दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत मोजतात, आणि त्यात दहाजणांबरोबर तिच्यासाठी कद्दिश म्हणायचं. त्यांनी आठवडाभर आधी सूट इस्त्रीला दिला. एली कामातून येणार नव्हता. "मीच म्हणेन, मी आहे ना," काका म्हणाले. नेमकं त्या संध्याकाळी वादळ आलं. सिनेगॉग बंद, दुसऱ्या दिवशी सकाळीही बंद. उरली दुपारची प्रार्थना, सूर्य मावळायच्या आतली. मिलिंदने रस्ता बघून जा म्हणून बजावलं आणि मी जीव मुठीत धरून गाडी काढली.

आम्ही पोचलो तेव्हा सहा माणसं होती. मग दोघं आली. काकांसह नऊ. तिथले प्रमुख, एक उंच वाकलेले गृहस्थ, फोनवर फोन लावत होते. कुणाची गाडी रुतली होती, कुणाचा रस्ता बंद होता. एकाचा मेव्हणा निघाला होता, पण त्याला हायवेवरून परत फिरवलं. काका भिंतीजवळ बाकाच्या टोकाला बसून दाराकडे बघत होते. खिडकीतलं ऊन बर्फावर पिवळं झालं, मग गुलाबी, मग गेलं.

प्रमुख त्यांच्याजवळ आले. "आय अ‍ॅम सो सॉरी, मोझेस." काकांनी उठून आठही जणांचे हात हातात घेतले, आल्याबद्दल आभार मानले. इतरांसाठी इतकी वर्षं दहावा झालेल्या माणसाला त्या दिवशी दहावा मिळाला नाही.

गाडीत मी चिडून म्हटलं, "घरी म्हणा तुम्ही. मी ऐकते. देवाला काय दहा मोजता येत नाहीत?"

"त्यात रिबकाचं नावसुद्धा नाही हो," ते म्हणाले. "मरणाचा शब्द नाही. नुसती त्याची स्तुती आहे. ती एकट्याने केली तर रडणं होतं. दहांत केली की प्रार्थना." मग ते काचेतून पुढे बघत राहिले. वायपर बर्फ ढकलत होते. ते पुन्हा बोलले, पण माझ्याशी नाही. "आज जरा जास्तच सरकलास रे बाबा."

काकांच्या तोंडून कुणाला अरे-तुरे केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नाहीतर त्यांच्या गोष्टींत ते फक्त रिबकाला "तू" म्हणायचे. घरी गेल्यावर त्यांनी तिच्यासाठी ठेवलेला दिवा दाखवला. चोवीस तासांचा तो, तोवर विझला होता. मी त्यांना आमटी-भात वाढला आणि ते जेवले. आधीचं पुटपुटणं त्या दिवशी विसरले.

२००६ मध्ये मिलिंदची नोकरी टेक्ससला, अर्व्हिंगला गेली. निघताना काका पार्किंगपर्यंत आले. "तुम्ही सरकलात म्हणून मला बसायला मिळालं," म्हणाले. मी पाया पडले, तर ते संकोचून मागे झाले. दर रविवारी फोन करेन असं मी सांगितलं. सुरुवातीला केले, मग कामाचा परवाना मिळून मला नोकरी लागली, मग फोन सणावारी होऊ लागले.

२००८ च्या उन्हाळ्यात एका दुपारी एलीचा फोन आला. काका गेल्याला दोन आठवडे झाले होते. काकांच्या फोनशेजारी भिंतीवर माझा नंबर होता. तो इंग्रजीत बोलत होता, बापासारखाच हळू.

"हॉस्पिटलमध्ये डॅड शेवटचे दोन दिवस एकच शब्द म्हणत होते. त्यांचं इंग्रजी गेलंच होतं. मला वाटलं कुणाचं नाव आहे. एक नर्स गुजराती होती, ती म्हणाली, हलवा म्हणतायत. मग त्या त्यांना कुशीवर वळवायच्या. एकदा इकडे, एकदा तिकडे. तरी ते म्हणतच राहिले. सरक. त्याचा अर्थ काय?"

मी विचारलं, "सरक, की सरका? नीट आठव."

"काही फरक आहे?"

"खूप आहे."

त्याने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "सरक. झरा सरक. शुअर."

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या आईने लसूण सोलताना लावलेला अर्थ, त्याला कधीच न कळवलेली ती नऊ माणसांची संध्याकाळ, आणि हेही की सरका आपण लोकांना म्हणतो, नर्सला म्हणतो, काका तर कुत्र्यालासुद्धा म्हणायचे. "सरक" म्हणायला हक्क लागतो.

"मग ते कुणाला म्हणत होते?" एलीने विचारलं. "देवाला, की मॉमला?"

"मराठीत दोघांनाही तसंच म्हणतात," मी सांगितलं. "त्यांना बसायचं होतं, एवढंच कळतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, तो रडतोय. पण तो हसत होता. "मॉम असेल तर," तो म्हणाला, "तिने दोन दिवस लावले सरकायला."

फोन ठेवला तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी सोफ्याच्या एका कडेला बसले होते, ही सवय मला कधी लागली कोण जाणे. बाजूची सगळी जागा मोकळी होती. काकांची मला फार आठवण आली. मी मोठ्याने "जरा सरका" म्हणून पाहिलं, आणि त्या रिकाम्या सोफ्यावर स्वतःच थोडी सरकले.